सोलचे गायक-वादक पोट कसं भरायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सोल गाण्यांचा नाद लागला की थोड्याच दिवसांत एक शंका डोकं वर काढते: एवढी गाजलेली माणसं, मग त्यांतली इतकी जण उतारवयात कफल्लक कशी? १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत या मंडळींच्या हातात पैसा कुठून यायचा आणि कुठे जायचा, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. थोडं गणित करावं लागेल, त्याला इलाज नाही.

सोल म्हणजे नेमकं कोणतं संगीत?

काळ्या अमेरिकनांच्या चर्चमधली गॉस्पेल गायकी आणि रिदम अँड ब्लूजचा ठेका एकत्र आला, देवाच्या जागी प्रेयसी आली, आणि जे तयार झालं ते सोल. डेट्रॉइटची मोटाउन, मेम्फिसच्या स्टॅक्स आणि हाय, न्यूयॉर्कची अटलांटिक, शिकागोची कर्टम या रेकॉर्ड कंपन्या आणि अलाबामातल्या मसल शोल्स या छोट्या गावातले स्टुडिओ ही त्याची मुख्य ठाणी.

मुख्य कमाई रेकॉर्डची की दौऱ्यांची?

गाणाऱ्यांसाठी दौऱ्यांची. जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत.

रेडिओवर गाणं वाजायला लागलं की गायकाचा भाव वाढायचा. काल ज्या रकमेत तो गात होता त्याच्या कितीतरी पट रक्कम ठेकेदार आज द्यायला तयार व्हायचे. रेकॉर्ड ही त्याची जाहिरात होती. कंपनीचा हिशेब सहा महिन्यांनी यायचा, त्यात काय निघेल याचा भरवसा नसायचा. नाइटचे पैसे मात्र त्याच रात्री हातात पडायचे. म्हणूनच गाणं उतरणीला लागायच्या आत पुढचं गाणं बाजारात आलं पाहिजे अशी धडपड असायची. रेकॉर्डच्या रॉयल्टीसाठी ही घाई नव्हती. पुढच्या हंगामातल्या सुपाऱ्या हातच्या जाऊ नयेत म्हणून होती.

पण दहा लाख रेकॉर्ड खपल्या तर गायक श्रीमंत व्हायला नको का?

एक मांडणी करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्या काळच्या करारांना धरून आहेत.

समजा तीन जणांचा एक गट आहे. त्यांच्या सिंगलची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डची, किंमत ७५ सेंट, रॉयल्टी ३ टक्के. ही रॉयल्टी पूर्ण किमतीवर मिळत नसे, ९० टक्क्यांवर मिळे. उरलेले १० टक्के कशाचे? जुन्या लाखेच्या तबकड्या वाहतुकीत फुटायच्या, त्याची तूट म्हणून कंपन्या तेवढी रक्कम आधीच वजा करायच्या. नंतर न फुटणारं व्हिनाइल आलं, तरी वजावट राहिलीच! तर दहा लाख प्रतींवर गटाच्या नावे जमा होतात २०,२५० डॉलर. तिघांत वाटले तर प्रत्येकी ६,७५०.

ही रक्कमही अजून हातात आलेली नाही. रेकॉर्डिंगचा खर्च, म्हणजे वादकांचे पैसे, स्टुडिओ आणि वाद्यमेळ लिहिणाऱ्याचे पैसे, गायकाच्या खात्यातून वसूल व्हायचा. जी गाणी रेकॉर्ड झाली पण कधी बाजारातच आली नाहीत त्यांचा खर्चही त्याच खात्यावर. अधूनमधून घेतलेली उचल असायची: गाडीचा हप्ता, घरभाडं, स्टेजवरचे कपडे. एक गाणं चाललं आणि पुढची चार पडली तर चाललेल्याचे पैसे त्या चारांच्या खड्ड्यात जायचे. त्यामुळे रेडिओवर रोज गाणं वाजतंय आणि कंपनीच्या वहीत गायक कर्जदार आहे, हे चित्र अगदी सर्रास होतं.

आता त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू. गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला (गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) मिळून कायद्याने प्रत्येक प्रतीमागे २ सेंट मिळायचे. हा दर १९०९ साली ठरला आणि १९७८ पर्यंत हलला नाही. दहा लाख प्रतींचे २०,००० डॉलर, आणि रेकॉर्डिंगच्या खर्चाची वजावट नाही. शिवाय मागच्या बाजूला जे भरताड गाणं असायचं त्याच्या लेखकालाही तेवढेच २ सेंट, कारण खरेदीदार रेकॉर्ड घेतो तेव्हा दोन्ही बाजू घेतो. म्हणजे दोन्ही गाणी एकाच लेखकाची असली तर लेखक आणि प्रकाशक मिळून ४०,००० डॉलर, आणि घाम गाळून गाणाऱ्या तिघांचे मिळून वीस हजार, त्यातूनही खर्च वजा व्हायचा बाकी.

सोलच्या अर्थकारणातलं जवळजवळ प्रत्येक भांडण या गणितातून निघालेलं आहे.

म्हणूनच का लेखक म्हणून भलत्याच लोकांची नावं दिसतात?

हो. कंपनीचा मालक, निर्माता, कधी रेडिओवरचा डीजे, असे अनेक जण गाण्याच्या एका ओळीलाही हात न लावता सहलेखक व्हायचे. डीजेचं नाव घातलं की तो गाणं जास्त वाजवायचा, हा सरळ व्यवहार होता.

उलट बाजूने नावं गाळलीही जायची. 'मनी' हे मोटाउनचं पहिलं मोठं यश. ते गाणाऱ्या बॅरेट स्ट्राँगचं नाव सुरुवातीला लेखकांत नोंदवलेलं होतं, नंतर त्या नोंदीतून काढलं गेलं, आणि त्याला ते अनेक दशकांनी कळलं. त्यातही गाण्याचा विषय पैसा. हा विनोद माझा नाही, नियतीचा.

चिटलिन सर्किट म्हणजे काय?

वर्णभेदाच्या काळात काळे कलाकार जिथे काळ्या प्रेक्षकांसमोर कार्यक्रम करू शकत त्या नाट्यगृहांची, क्लबांची आणि गावोगावच्या नाचघरांची ही साखळी. नाव पडलं ते चिटलिन्सवरून, म्हणजे डुकराच्या आतड्यांच्या पदार्थावरून. दक्षिणेतल्या काळ्या घरांतलं ते गरिबाचं खाणं.

वरच्या टोकाला मोठी नाट्यगृहं होती: हार्लेममधलं अपोलो, वॉशिंग्टनचं हॉवर्ड, फिलाडेल्फियाचं अपटाउन, बाल्टिमोरचं रॉयल, शिकागोचं रीगल. इथे आठवड्याचा करार व्हायचा आणि दिवसाला चार-पाच खेळ असायचे. दुपारी सुरू झालेलं गाणं मध्यरात्रीपर्यंत. एका कार्यक्रमात सात-आठ गायक किंवा गट, प्रत्येकाची दोन-तीन गाणी, मागे नाट्यगृहाचा स्वतःचा वाद्यवृंद. नवख्याला हे परवडायचं, कारण स्वतःचे वादक पोसावे लागत नसत. सुरावटीचे कागद बगलेत मारून यायचं, तालीम करायची आणि उभं राहायचं.

खालच्या टोकाला जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीतली नाचघरं आणि तंबाखूची गोदामं. तिथे एका रात्रीचा मुक्काम, मग दोन-चारशे मैलांवर पुढचं गाव. आपल्याकडच्या तमाशाच्या फडांचा हंगाम ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना या फिरस्तीची ओळख करून द्यायला नको.

पैसे नेमके कसे ठरायचे?

साधारण तीन प्रकार होते. ठरलेली रक्कम, म्हणजे तिकिटं विकली जावोत न जावोत, इतकं द्यायचं. दुसरा प्रकार गल्ल्यातला टक्का. तिसरा या दोहोंचा मेळ: एवढी रक्कम नक्की, आणि गल्ला अमुक आकड्याच्या वर गेला तर वरच्यात हिस्सा. मोठ्या नावांसाठी इसार म्हणून निम्मी रक्कम आधी घ्यायची आणि उरलेली खेळाआधी, अशी रीत होती.

"खेळाआधी" हा शब्द महत्त्वाचा. टक्क्याच्या करारात दारावर किती माणसं आली हे मोजणारा ठेकेदाराचाच माणूस असायचा. खेळ संपेपर्यंत ठेकेदार गल्ल्यासह पसार, असे किस्से तर ढिगाने आहेत. अरिथा फ्रँकलिन शेवटपर्यंत मानधन रोख मागायची आणि पैशांची पर्स स्टेजवर, पियानोवर नजरेसमोर ठेवून गायची. लोक याला नखरा म्हणायचे. ज्या सर्किटवर ती वाढली ते बघितलं तर मला तो निव्वळ व्यवहारीपणा वाटतो.

मिळालेल्या रकमेतून गायकाच्या खिशात किती राहायचे?

बुकिंग एजंटचा दहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा, मॅनेजरचा त्याहून मोठा. मग वादकांचे पगार, ड्रायव्हर, पेट्रोल, खोल्या, कपड्यांची इस्त्री. गट असेल तर उरलेल्याचे चार-पाच वाटे. आणि कर भरायचा असतो याची आठवण फार थोड्यांना असायची. ती सरकारी खातं पुढे करून द्यायचं.

त्यात भर फुकट कार्यक्रमांची. रेडिओचे डीजे शाळांच्या जिमखान्यात तरुणांसाठी नाच भरवायचे, त्याचं तिकीट लावायचे, आणि गायकांनी तिथे विनामूल्य यावं अशी अपेक्षा असायची. बदल्यात रेकॉर्ड वाजायची. लाच नव्हे, पण फार लांबही नव्हे.

वर्णभेदाचा कमाईवर थेट परिणाम व्हायचा का?

प्रत्येक मैलाला. दक्षिणेत बहुतेक हॉटेलं आणि खाणावळी काळ्यांना आत घेत नसत. मुक्कामाला काळ्यांच्या मोजक्या खोल्या किंवा कुणाचं तरी घर. नाहीतर बसमध्येच झोप. कुठे थांबता येईल हे सांगणारं 'ग्रीन बुक' १९३६ पासून निघत होतं, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच त्याची गरज संपत आली. १९६२ साली मोटाउनची पहिली मोठी मंडळी दक्षिणेत निघाली, तेव्हा अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच दौऱ्यात मंडळींच्या गाडीला अपघात होऊन एक कर्मचारी गेला.

नाट्यगृहंही गोऱ्यांची मोठी आणि काळ्यांची लहान अशी वाटलेली. लहान जागेत गल्ला लहान. शिकागोत तर वादकांच्या संघटनेच्याही गोऱ्या आणि काळ्या अशा दोन वेगळ्या शाखा होत्या, त्या १९६६ साली एक झाल्या.

या सगळ्यातही धंदा शोधणारा माणूस म्हणजे गायक सॉलोमन बर्क. खाणावळीत कुणी घेत नाही म्हटल्यावर तो बसमध्ये सँडविच घेऊन बसायचा आणि सोबतच्या गायकांना विकायचा. जसजसं गाव लांब पडेल तसतसा भाव चढता. अपोलोच्या करारात त्याने खाद्यपदार्थ विकण्याचा हक्क लिहून घेतला आणि तिथे स्वतःच्या नावाचे पॉपकॉर्न विकायला काढले, हा किस्सा तो स्वतः रंगवून सांगायचा. अंत्यविधीच्या व्यवसायाचंही शिक्षण त्याने घेतलं होतं. गाण्यावर एकट्यावर विसंबायचं नाही, हे त्याला फार लवकर कळलं.

मग गायक जेम्स ब्राउन एवढा श्रीमंत कसा झाला?

मधली माणसं काढून टाकून. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा, किंग रेकॉर्ड्सचा, मालक सिड नेथन थेट कार्यक्रमाची रेकॉर्ड काढायला तयार नव्हता: जुनीच गाणी पुन्हा कोण विकत घेणार? ब्राउनने स्वतःचे ५,७०० डॉलर घातले आणि २४ ऑक्टोबर १९६२ ला अपोलोतला कार्यक्रम रेकॉर्ड करून घेतला. १९६३ मध्ये निघालेली ती एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, खपाच्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि एक वर्षाहून जास्त काळ यादीत राहिली. काही डीजे एक बाजू सलग वाजवायचे. त्यानंतर ब्राउनचा भाव कुठल्या कुठे गेला.

पुढे तो सभागृह स्वतः भाड्याने घ्यायचा, तिकीट स्वतः लावायचा, आणि गावातल्या डीजेला जाहिरातीच्या बदल्यात हिस्सा द्यायचा. ठेकेदाराचा नफा आपोआप त्याच्याच घरात. स्वतःची रेडिओ स्टेशनं घेतली, विमान घेतलं.

हाच माणूस आपल्या वादकांना मात्र चुकलेल्या सुरासाठी, पॉलिश न केलेल्या बुटासाठी दंड करायचा. १९७० च्या सुरुवातीला पगारावरून भांडण होऊन जुना संच उठून गेला, तेव्हा त्याने सिनसिनाटीहून बेसवादक बूट्सी कॉलिन्स आणि त्याच्या साथीदारांना विमानाने आणून त्याच रात्री उभं केलं. बूट्सीने तर विशीही गाठली नव्हती. स्वस्तात मिळालेली पोरं, आणि काय वाजवली! मालक कलाकार असला म्हणजे तो कलाकारांना सढळ हाताने देतो, हा समज ब्राउनचा हिशेब पाहिल्यावर टिकत नाही.

स्टुडिओतल्या वादकांचं काय? त्यांना रॉयल्टी मिळायची का?

नाही. वादकाला सेशनचे पैसे मिळाले की विषय संपला. संघटनेच्या नियमाप्रमाणे एक सेशन तीन तासांचं, त्यात चारपर्यंत गाणी, आणि १९६० च्या दशकात दर साठेक डॉलर. हा दर प्रत्यक्षात सगळीकडे मिळत नव्हता. मेम्फिसच्या स्टॅक्समध्ये सुरुवातीला सेशनला १५ डॉलर दिले जायचे. मोटाउनच्या सुरुवातीच्या काळात एका गाण्याला पाच-दहा डॉलर.

मोटाउनच्या वादकांच्या संचाला फंक ब्रदर्स म्हणतात: बेसवर जेम्स जेमर्सन, ड्रमवर बेनी बेंजामिन, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक आणि इतर. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरात मोटाउनचा स्टुडिओ होता, तिथे दिवसभर वाजवायचं आणि रात्री चिट चॅट लाउंजसारख्या क्लबांत. पुढे त्यांना नियमित पगार मिळू लागला आणि चांगलं घर चालेल एवढी कमाई होत होती; उपाशी होते असं म्हणणं खोटं ठरेल. पण पगाराबरोबर अट आली, बाहेर वाजवायचं नाही. ती कुणी पाळली नाही. जॅकी विल्सनचं 'हायर अँड हायर' शिकागोच्या ब्रन्सविक कंपनीसाठी रेकॉर्ड झालं, त्यात ठेका मोटाउनच्याच मंडळींचा. मालक बेरी गॉर्डीने हेर ठेवले, दंड लावले, आणि वादक पुन्हा गेले.

रेकॉर्डच्या वेष्टनावर या वादकांची नावं पहिल्यांदा ठळकपणे आली ती १९७१ मध्ये, मोटाउनचा गायक मार्व्हिन गे याच्या एलपीवर. पुढच्या वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि बहुतेक जण डेट्रॉइटला मागे राहिले. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा झगमगीत कार्यक्रम झाला, तेव्हा जेमर्सन तिकीट काढून मागे बसला होता. त्याच वर्षी तो गेला.

स्टॅक्सचं वातावरण जास्त मोकळं होतं म्हणतात. तिथे पैसेही जास्त होते का?

जास्त नव्हते, पण वाटणी थोडी बरी होती. गोरा मालक जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी मॅक्लमोर अ‍ॅव्हेन्यूवरच्या बंद पडलेल्या सिनेमागृहात स्टुडिओ थाटला. शेजारी एस्टेलचं रेकॉर्डचं दुकान. गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर त्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. पुढे बुकर टी जोन्स, क्रॉपर, डक डन, अल जॅक्सन, आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर या सहा जणांत निर्मितीची रॉयल्टी वाटली जाऊ लागली. वादकाला रेकॉर्डच्या खपात हिस्सा, ही त्या काळात विरळ गोष्ट. शिवाय वादक स्वतः गाणी लिहायचे, त्यामुळे ते २ सेंट घरात यायचे. क्रॉपरचं उतारवय जेमर्सनसारखं गेलं नाही, त्यामागे हे मोठं कारण आहे.

पण स्टुअर्टने १९६५ मध्ये अटलांटिकशी वितरणाचा जो लेखी करार केला तो नीट वाचला नव्हता. १९६७-६८ मध्ये अटलांटिक वॉर्नरला विकली गेली तेव्हा कळलं की आजवर वितरित केलेल्या सगळ्या मास्टर टेपची (मूळ ध्वनिमुद्रणांची) मालकी करारानुसार अटलांटिककडे आहे. स्टॅक्सचा गायक ऑटिस रेडिंग आधीच गेला होता, आणि आता त्याच्या टेपही गेल्या. कंपनीने पुन्हा उभारी धरली, हेजला सोन्याचा मुलामा दिलेली कॅडिलॅक दिली, आणि १९७५ च्या अखेरीस दिवाळ्यात निघाली. पाठोपाठ हेजही दिवाळखोर झाला आणि स्वतःच्या गाण्यांच्या उत्पन्नावरचा हक्क गमावून बसला.

ऑटिस रेडिंग कमवत किती होता?

आकडा सांगण्यापेक्षा त्याने काय उभारलं ते पाहा. जॉर्जियात राउंड ओकजवळ मोठं शेत, मॅनेजर फिल वॉल्डनबरोबर स्वतःची प्रकाशन कंपनी, स्वतःचं विमान. विमान थाटासाठी नव्हतं. शुक्रवार-शनिवार-रविवार तीन शहरांत कार्यक्रम आणि सोमवारी घर, हे बसने जमत नाही. १० डिसेंबर १९६७ ला क्लीव्हलँडहून मॅडिसनच्या कार्यक्रमाला जाताना ते विमान मनोना तलावात कोसळलं. तो २६ वर्षांचा होता. बरोबर बार-केज या साथीच्या गटातली मुलं होती, नुकतीच शाळा संपवलेली. त्यांतला एकच वाचला.

बेरी गॉर्डीने कलाकारांना लुटलं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' ऐकायचं असतं. उत्तर तितकं सरळ नाही.

१९५९ मध्ये घरच्या बचत गटातून ८०० डॉलर कर्ज घेऊन त्याने कंपनी काढली. रेकॉर्ड कंपनी त्याची, गाण्यांची प्रकाशन कंपनी जोबेट त्याची, आणि गायकांचं व्यवस्थापन करणारी संस्थाही त्याचीच. म्हणजे गायकाच्या वतीने कंपनीशी भांडायचं ज्याने, तो कंपनीचाच नोकर. करार दाखवायला बाहेर वकील नाही. हे सरळ हितसंबंधांचं गुंतणं होतं आणि मला ते समर्थनीय वाटत नाही.

पण रॉयल्टीचा दर इतर कंपन्यांपेक्षा काही विशेष वाईट नव्हता, आणि इतर कंपन्या गायकाला चालायला-बोलायला शिकवत नव्हत्या. मोटाउनने मॅक्सीन पॉवेलकडून वागण्या-बोलण्याचे आणि चॉली अ‍ॅटकिन्सकडून नाचाचे धडे दिले, कारण गॉर्डीला मुलं चिटलिन सर्किटवरून न्यूयॉर्कच्या कोपाकबाना (कोपा) या क्लबात आणि लास व्हेगासच्या हॉटेलांत न्यायची होती. तिथल्या बिदागीला तोड नव्हती. १९६५ मध्ये मोटाउनच्या सुप्रीम्स या तिघी कोपात गायल्या आणि पुढची दारं उघडली.

त्याच सुप्रीम्समधली फ्लॉरेन्स बॅलर्ड १९६७ मध्ये बाहेर पडली, घर गेलं, सरकारी मदतीवर जगली आणि ३२ व्या वर्षी वारली. गॉर्डीने १९८८ मध्ये कंपनी ६.१ कोटी डॉलरला विकली. गाण्यांची प्रकाशन कंपनी मात्र ठेवली, आणि १९९७ मध्ये तिचा नुसता निम्मा हिस्सा १३.२ कोटींना विकला. खरं घबाड कुठे होतं हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कुणी वेळीच शहाणं झालं का?

थोडे झाले. गायक सॅम कुकने जे. डब्ल्यू. अलेक्झांडरबरोबर १९५० च्या दशकाच्या अखेरीसच स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि मग रेकॉर्ड कंपनीही. रे चार्ल्सने एबीसी-पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीकडे जाताना मास्टर टेपची मालकी मागून घेतली. त्या काळात गोऱ्या गायकांनाही असा करार मिळत नव्हता. कर्टिस मेफील्डने विशीतच आपली गाणी स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली आणि १९६८ मध्ये कर्टम काढली. १९९० मध्ये ब्रुकलिनच्या कार्यक्रमात अंगावर दिव्यांचा सांगाडा कोसळून तो मानेखाली लुळा पडला. दौरे करून जगणाऱ्याचा धंदा तिथेच संपला असता. त्याच्याकडे गाणी होती.

कुकची गोष्ट अर्धीच सुखाची. १९६३ मध्ये अ‍ॅलन क्लाइन या हिशेबनिसाने त्याला आरसीए या रेकॉर्ड कंपनीकडून उत्तम करार मिळवून दिला, पण कंपनीची रचना अशी केली की कुक १९६४ च्या डिसेंबरात मारला गेल्यावर काही वर्षांत सगळे हक्क क्लाइनकडे गेले.

रेडिओवर गाणं वाजलं की गायकाला पैसे मिळतात ना?

अमेरिकेत नाही. आजही नाही. तिथे साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे फक्त लेखक-संगीतकार आणि प्रकाशकाला मिळतात. 'रिस्पेक्ट' हे गाणं ऑटिस रेडिंगने लिहिलं आणि १९६५ मध्ये गायलं. १९६७ मध्ये अरिथाने ते असं काही गायलं की ते तिचंच झालं. पण अमेरिकन रेडिओवर ते जितक्या वेळा वाजलं तितक्या वेळा पैसे रेडिंगकडे आणि त्याच्या पश्चात कुटुंबाकडे गेले, अरिथाकडे नाही.

इंटरनेट रेडिओ आणि सॅटेलाइट रेडिओचं वेगळं आहे. तिथली रॉयल्टी साउंडएक्सचेंज ही संस्था गोळा करते: निम्मी मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांच्या निधीत. फक्त यात मेख होती. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या रेकॉर्ड केंद्रीय कायद्याच्या बाहेर होत्या, म्हणजे सोलचा बहुतेक सुवर्णकाळ बाहेर. ही फट २०१८ च्या कायद्याने बुजवली, तोपर्यंत बरेच कलाकार उरले नव्हते.

जोडधंदे किंवा नोकऱ्या करत का?

करत. बिल विदर्स विमानांची शौचालयं बनवणाऱ्या कारखान्यात होता, आणि १९७१ मध्ये पहिली एलपी आली तरी त्याने लगेच नोकरी सोडली नाही. वेष्टनावरच्या फोटोत हातात जेवणाचा डबा आहे. आर्थर अलेक्झांडरची गाणी बीटल्सनी आणि रोलिंग स्टोन्सनी गायली, तो स्वतः पुढे क्लीव्हलँडमध्ये बस चालवत होता. रूथ ब्राउन सोलच्या आधीच्या पिढीची. अटलांटिक कंपनी उभी राहिली तीच तिच्या खपावर, आणि नंतर तिने लाँग आयलंडवर लोकांच्या घरची कामं केली, शाळेची बस चालवली.

पुढे कुणाला न्याय मिळाला का?

तुकड्यातुकड्यांत. रूथ ब्राउन आणि तिचा वकील अटलांटिकच्या मागे लागले, तेव्हा १९८८ मध्ये कंपनीने जुनी कर्जं माफ केली, रॉयल्टी नव्याने मोजली आणि रिदम अँड ब्लूज फाउंडेशनसाठी साधारण १५ लाख डॉलर दिले. ब्राउनच्या हाती २०,००० डॉलरचा चेक आला. सॅम अँड डेव्ह या गायकांच्या जोडीतल्या सॅम मूरने १९९३ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी पेन्शनचे पैसे नीट भरले नाहीत म्हणून खटला घातला आणि तो बऱ्याच वर्षांनी तडजोडीने मिटला.

क्लाइड स्टबलफील्डला काहीच मिळालं नाही. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला त्याचा काही सेकंदांचा ठेका हिपहॉपवाल्यांनी हजाराहून जास्त गाण्यांत उचलला. कागदावर गाणं ब्राउनचं, ड्रमवाला पगारी नोकर. त्याच्या कॅन्सरचं नव्वद हजार डॉलरच्या आसपासचं बिल गायक प्रिन्सने गुपचूप भरलं होतं, हे प्रिन्स गेल्यावर कळलं.

आपल्याकडेही असंच होतं का?

बरंचसं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टीत वाटा हवा असा आग्रह धरला; मोहम्मद रफींचं म्हणणं, मानधन घेतलं की हक्क संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारे गोव्याचे असंख्य वादक रेकॉर्डिंगमागे पैसे घेऊन घरी जायचे, नाव कुठेच नाही. भारतात गीतकार-संगीतकारांचा आणि गायकांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने.

आज मी जुनी रेकॉर्ड विकत घेतली तर पैसे कलाकाराला जातात का?

जुन्या बाजारातून घेतली तर एक पैसाही नाही. फ्रँक विल्सनची १९६५ ची एक सिंगल २००९ मध्ये लिलावात २५,७४२ पाउंडांना गेली. इंग्लंडच्या नॉर्दर्न सोल शौकिनांत, म्हणजे दुर्मिळ सोल रेकॉर्डमागे वेड्या झालेल्यांत, तिचा तेवढा दबदबा आहे. ते सगळे पैसे विकणाऱ्याचे.

नवी आवृत्ती घेतली तर काही भाग जातो, करार कसा होता आणि जुनी उचल फिटली का त्यावर. स्ट्रीमिंगवर त्याहून कमी. कलाकार हयात असेल आणि कार्यक्रम करत असेल तर तिकीट काढा, आणि बाहेरच्या टेबलावर तो स्वतः सीडी किंवा टी-शर्ट विकत असेल तर तिथूनच घ्या.